टाटा इस्टेट की इंडिगो मरिना? नागपूरहून आडवाटांसाठी

भामरागड, मेळघाटच्या वाटांसाठी जुनी डिझेल गाडी हवी असेल तर माझं मत टाटा इस्टेट या स्टेशन वॅगनला. 1992 ची ही गाडी टेल्कोलाइन पिकअपच्या चेसीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, ओढ मागच्या चाकांना. सामान लादून खड्ड्यांतून न्यायला वेगळी चेसीच बरी. 1948 सीसीचं इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होतं, त्यामुळे जुना मेकॅनिक बिचकत नाही. काचा, टेललाइट मात्र शोधत फिरावं लागतं. पत्र्यापेक्षा आधी चेसीचा गंज बघा, तिथे वेल्डिंगचे जोड दिसले तर सरळ परत फिरा.

2004 ची इंडिगो मरिना, तीही टाटाचीच स्टेशन वॅगन, हायवेवर जास्त सुखाची, मायलेजही चांगलं. पण ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसी नसलेली, ओढ पुढच्या चाकांना, पोट जमिनीलगत. पावसाळ्यात काळ्या मातीत तिची दमछाक होते.

बदल दोन्हीत सारखेच: इंजिनखाली जाड पत्र्याचं गार्ड, ऑल-टेरेन टायर, आणि आपल्या मे महिन्यासाठी रेडिएटर उघडून साफ. उंची वाढवायचा मोह आवरा. स्प्रिंग नव्या टाकल्या तरी बसलेली गाडी बरीच उठते. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालीय ना, हे व्यवहाराआधी आरटीओत तपासा.