खारीसाठी पॉइंट टूटू : सीझेड ४५७ बरोबरचा एक हंगाम

सीझेड ४५७ ही पॉइंट टूटू, म्हणजे .२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल, जुलैत घेतली. १ सप्टेंबरला इथे अमेरिकेत, ओहायोत खारींचा हंगाम उघडला, ३१ जानेवारीला संपला, आणि मागच्या आठवड्यात तिला तेल लावून कपाटात कुलूपबंद केली. मधल्या काळात तेवीस पहाटा जंगलात, रेंजवर चौदाशेच्या आसपास गोळ्या आणि सतरा खारी. आता तिच्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार आलाय असं वाटतं.

आधी एक सांगतो, कारण गावाकडच्या मंडळींना शीर्षकच खटकेल. मी जुन्नरकडचा. भीमाशंकरच्या रानात मान वर करून शेकरू शोधण्यात लहानपण गेलं. तो आपला राज्यप्राणी. तिकडे खारीवर बंदूक रोखणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि माझ्या मनातही बसत नाही. इथली गोष्ट निराळी आहे. करड्या आणि तांबूस फॉक्स खारी इथल्या ओक-हिकरीच्या जंगलात भरपूर आहेत. शिकारीचं शिक्षण घेऊन परवाना काढायचा, दिवसाला सहाच्या वर मारायच्या नाहीत, आणि मारलेली घरी शिजते. ही परंपराही जुनी. यादवी युद्धात १८६२ साली सिनसिनाटीवर हल्ल्याची भीती होती तेव्हा गव्हर्नर डेव्हिड टॉड यांच्या हाकेला ओहायोचे हजारो शेतकरी घरच्या बंदुका घेऊन धावले. त्यांना नाव पडलं ‘स्क्विरल हंटर्स’, खारींचे शिकारी.

मी पॉइंट टूटू पहिल्यांदा हातात धरली ती कॉलेजात, एनसीसीच्या फायरिंगला. पालथं पडून श्वास रोखायचा आणि पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्यात बसवायची धडपड करायची. खारीची शिकार जवळजवळ तीच परीक्षा आहे, फक्त कागद हलतो आणि त्याला जीव असतो. खारीचं डोकं जेमतेम दीड इंचाचं. तिथे लागली तर ती जागीच जाते आणि मांस शाबूत राहतं. मागे पोटात लागली तर ती ढोलीत शिरून हळूहळू मरते. म्हणून माझी अट एकच होती : ५० यार्डांवर पाचही गोळ्या एका इंचाच्या आत, आणि हे मला स्वतःला जमलं पाहिजे.

.१७ एचएमआरचा मोह झाला होता. २००२ मध्ये आलेलं हे काडतूस १७ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २५५० फूट वेगाने फेकतं, पल्ला सरळ, वाऱ्याची चिंता कमी. पण त्या वेगाची गोळी थोडी मागे लागली की खाण्यासारखं काही उरत नाही, आणि काडतुसंही बरीच महाग. माझ्या जंगलात झाडीमुळे चाळीस यार्डांपलीकडे क्वचितच दिसतं. तिथे ‘.२२ लाँग रायफल’ नावाचं नेहमीचं काडतूस पुरून उरतं. शेजारच्या मित्राची रुगर १०/२२ चालवून पाहिली. १९६४ पासून बनणारी, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरणारी, हाताला सुटसुटीत. मी तरीही बोल्टवाली निवडली, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिट्टी ओढायची. दुसरी गोळी तयार आहे हे माहीत असलं की पहिलीवरचं लक्ष उडतं, निदान माझं तरी.

सीझेड ४५७ चं अमेरिकन मॉडेल घेतलं. चेक प्रजासत्ताकातली रायफल, अक्रोडाचा दस्ता, पाच गोळ्यांचं मॅगझिन. दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, पार्श्वभूमी तपासणी झाली आणि त्याच दिवशी घरी आणली. आधीच्या ४५५ चा बोल्ट ९० अंश वर उचलावा लागे, हिचा ६० अंशांवर मोकळा होतो. हे वाचताना क्षुल्लक वाटलं होतं. डिसेंबरच्या थंडीत जाड हातमोजे घालून बोल्ट ओढताना मूठ स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, घासत नाही, तेव्हा त्याची किंमत कळली. चाप स्क्रूने हलका-जड करता येतो. मी तो थोडा हलका केला, पण थंडीने बोटं बधिर होतात तेव्हा फार हलका चाप धोक्याचा, म्हणून तिथेच थांबलो.

नळी मात्र २४.८ इंचांची आहे. मोकळ्या ओक-रानात ती तोलाला छान बसते, झुडपांच्या रानात फांद्यांत अडकते. बसून शिकार करणाऱ्याला चालेल. चालत चालत शोधणाऱ्याने आखूड नळीचं मॉडेल पाहावं.

स्कोपचं मात्र सविस्तर सांगतो, कारण माझी खरी चूक तिथे झाली. घरात मोठ्या रायफलीचा एक स्कोप पडून होता, तोच चढवला. असे स्कोप सहसा १०० यार्ड किंवा त्याहून लांबच्या पॅरॅलॅक्सवर जुळवलेले असतात. म्हणजे पंचवीस यार्डांवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉस खारीवरून सरकतो, रायफल न हलताही. रेंजच्या टेबलावर हे कळलं नाही, कारण तिथे गाल रोज एकाच जागी टेकतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिकरीखाली वाकडा बसून नेम धरला आणि गोळी मागे लागली. खार पानांत पडली, उठली, दिसेनाशी झाली. पाऊण तास पालापाचोळा उलटत शोधली तेव्हा सापडली. त्या दिवशी घरी येऊन मी नीट जेवलो नाही. दुसऱ्याच आठवड्यात दहा यार्डांपासून पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप घेतला. रायफलीवर पैसे वाचवा हवं तर, इथे वाचवू नका.

गोळ्यांचंही असंच. पाच प्रकार आणले, प्रत्येकाचे दहा-दहा ग्रुप (एकाच नेमावर ओळीने मारलेल्या गोळ्यांचे झुबके) कागदावर घेतले. वेगवान गोळ्या माझ्या नळीत दीड इंच पसरल्या. सीसीआय कंपनीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेन, वेग सेकंदाला १०७० फूट, पाऊण इंचात बसली. ती आवाजाच्या वेगाखाली राहते, त्यामुळे तो कानफाटी कडाका होत नाही, आणि दुसऱ्या झाडावरची खार पाच मिनिटांत पुन्हा कुरतडायला लागते. मंद गोळी लवकर खाली पडते हे खरं : ५० यार्डांवर नेम जुळवला की ७५ यार्डांवर दोन इंचांहून जास्त खाली. म्हणून पन्नासच्या पलीकडे मी चाप ओढत नाही.

सप्टेंबरच्या पहाटे हिकरीखाली बसलं की आधी खार दिसत नाही. सालीचा भुगा पानांवर टपटपत पडतो, रिमझिम लागल्यासारखा, आणि मग वर नजर जाते. खार तुम्हाला पाहून खोडाच्या पलीकडे सरकते. तेव्हा हलायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत ती परत येते. व्हिंटन काउंटीतल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने मला हे शिकवलं, आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्टही : खारीच्या मागे जाड खोड नसेल तर रायफल खाली ठेव. काडतुसांच्या डब्यावरच लिहिलेलं असतं की ही गोळी दीड मैलापर्यंत जाते. शेंड्यावर आभाळाच्या पाठीवर बसलेली खार कितीही सोपी दिसो, चुकलेली गोळी कुठल्या अंगणात उतरेल कोण जाणे. अशा वेळी छर्रे मारणाऱ्या शॉटगनवाल्याला थोडी मोकळीक असते, कारण छर्रे फार लांब जात नाहीत, रायफलवाल्याला मुळीच नाही. माझ्या तेवीस पहाटांपैकी निम्म्याहून जास्त वेळा हाच नियम आडवा आला, आणि एकदाही मी तो मोडला नाही.

डिसेंबरच्या गोठत्या सकाळी गोळ्या अर्धा इंच खाली लागू लागल्या. थंडीत त्यांचा वेग घटतो. आता काडतुसं आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतो आणि थंडी पडली की पुन्हा एकदा कागदावर तपासून घेतो. नळी दर तीनशे गोळ्यांनी साफ करतो. त्याहून जास्त वेळा साफ केली की पहिले दहा-बारा नेम भरकटतात.

मांसाचं विचाराल तर, कोवळी खार नुसती तव्यावर परतून चालते. म्हातारी आधी कुकरला लावायची, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा. बायको आधी नाक मुरडायची, आता भाकरी थापायला स्वतः उठते.

काडतुसांच्या एकाच ब्रँडचा प्रत्येक लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, सारखा लागत नाही. म्हणून जुळलेल्या लॉटचे दोन हजार राउंड आत्ताच घेऊन ठेवलेत आणि डब्यांवर लॉट नंबर मार्करने ठळक केलाय. उन्हाळ्यात त्यातले पाचशे रेंजवर जातील, तेही टेबलावरून नाही, मांडी घालून, झाडाला पाठ टेकून.