बेरियाट्रिक सर्जरीनंतर ऑफिस: पंधरा दिवसांत की महिन्याने?

बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या सर्जरीनंतर ऑफिसला कधी जायचं, हे सर्जनला विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: बैठं काम असेल तर दोन आठवड्यांनी जा. त्यात खोटं काही नाही. दुर्बिणीची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून ते लहान करतात) किंवा बायपास (हृदयाची नव्हे, जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवतात ती) झाली की दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, पोटावरचे छोटे छेद लवकर सुकतात, दुखणंही साध्या गोळीवर भागतं. फक्त हे झालं जखमेपुरतं. कामावर जायचं म्हटलं की आणखी चार गोष्टी मोजाव्या लागतात, आणि त्यातल्या एकीपायी मी महिनाभर थांबलो.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. माझी स्लीव्ह झाली आहे. राहायला डोंबिवलीत, ऑफिस परळला, काम दिवसभर संगणकासमोर. माझ्या मावसभावाची बायपास झाली, तो पंधरा दिवसांत स्वतःच्या दुकानात गल्ल्यावर जाऊन बसला आणि त्याचं उत्तम निभावलं. दुकान घराखालीच आहे, हे मात्र लक्षात घ्या.

लवकर जाण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पहिलं म्हणजे रजा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरपगारी रजा जास्तीत जास्त 45 दिवस साठवता येते. त्यातली महिन्याची एकदम उडवली तर पुढे मुलांचं आजारपण, घरचं कार्य, सगळ्याला हात आखडता घ्यावा लागतो. दुसरं, घरी बसलं की माणूस लोळतो, आणि या दिवसांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालतं-फिरतं राहणं फार गरजेचं. तिसरं कोणी उघड बोलत नाही: पंधरा दिवसांच्या रजेवर ‘हर्नियाचं ऑपरेशन होतं’ हे खपून जातं. महिनाभर गायब झालात की लोक चौकशा करतात. (वजन उतरायला लागलं की ते तसंही करणारच. वैद्यकीय दाखल्यावर ‘पोटाची शस्त्रक्रिया’ एवढं लिहून घेतलं की बहुतेक ठिकाणी भागतं.)

इथवर पारडं पंधरा दिवसांकडेच झुकतं. माझ्यासाठी ते फिरवलं पाण्याने.

दिवसाला किमान दीड लिटर पाणी प्या, घोटघोट प्या, जेवणाबरोबर आणि जेवणानंतर अर्धा तास पिऊ नका, हे सगळ्यांनाच सांगतात. ऐकायला सोपं आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तसला 30 मिलीचा मापाचा कप मी वापरायचो. दीड लिटर म्हणजे असे 50 कप. जागेपणीचे 14 तास धरले तर साधारण दर सतरा मिनिटांनी एक. मिक्सरमधून काढलेलं खाणं सुरू झालं की दिवसाची चार खाणी, प्रत्येकाला खाण्याचा अर्धा तास आणि नंतरचा कोरडा अर्धा तास, म्हणजे चार तास गेले. उरलेल्या दहा तासांत दर बारा मिनिटांनी एक कप. एखादा चुकला म्हणून पुढचे दोन एकदम घेतले की छातीत असा गच्च गोळा बसतो की पुढचा अर्धा तास कशाचीच इच्छा राहत नाही.

आता यात लोकल घाला. फास्ट धरली तरी घरापासून खुर्चीपर्यंत माझा दीड तास जातो. सकाळच्या गर्दीत एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटाच्या छेदांवर कोणाची सॅक आपटू नये म्हणून पुढे धरलेला. बाटली काढायची कुठल्या हाताने? येता-जाता मिळून जवळपास अर्धा लिटर पाणी तिथेच बुडतं आणि ते नंतर भरून काढता येत नाही. ऑफिसमध्ये पोचलं की मीटिंग. दोन आठवड्यांनी मी घरूनच थोडं काम सुरू केलं होतं, तेव्हा एका लांबलेल्या कॉलनंतर कप बघितला तर भरलेला तसाच. घरी, टेबलावर, हाताशी असून ही गत. या सर्जरीनंतर लोकांना पुन्हा दवाखान्यात यावं लागतं त्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी पडणं येतं, त्यामुळे मी ती जोखीम घेतली नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास आतली सूज बरीच उतरलेली असते, घोट जरा मोठा जातो, आणि चुकलेलं पाणी पुढच्या तासाभरात भरून निघतं. निदान माझं तरी तसं झालं.

याच्याच जोडीला बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. खाणं एकदम कमी झाल्यावर जुना डोस जड होतो. तो डॉक्टरांनी नव्याने बसवेपर्यंत उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. फलाटावर ते नको.

डब्याचा प्रश्न लोक जास्त मोठा करतात असं मला वाटतं. पातळ ताक, मुगाचं कढण, प्रोटीनची पावडर, हे कुठेही नेता येतं. फक्त मिक्सरमधून काढलेली खिचडी ऑफिसच्या मायक्रोवेव्हपाशी उभं राहून चहाच्या चमच्याने खाताना चार माणसं थांबून ‘हे काय’ विचारतात. बायपासवाल्यांनी वाढदिवसाच्या केकपासून लांब राहावं. गोड पटकन खाली उतरलं की घाम, धडधड, जुलाब, असा तमाशा भर ऑफिसात होतो.

तर घरून काम असेल, गाडी आणि चालवणारा असेल, किंवा भावासारखं दुकान घराखाली असेल, तर पंधरा दिवस पुरेत. सामान उचलायचं, दिवसभर उभं राहायचं काम असेल तर महिनाही कमीच, सर्जन जड उचलायला सहसा चार ते सहा आठवडे मनाई करतात. लोकलने जाणाऱ्या आपल्यासारख्यांना मी महिनाच सुचवेन, वाटल्यास मधले काही दिवस घरून अर्धा वेळ. ताप, धडधडणारी नाडी, डाव्या खांद्यात दुखणं किंवा पोटात वाढती कळ असेल तर मात्र दोन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि लगेच सर्जनला फोन लावा.

अर्ज करताना एकदम महिन्याचाच करा. बरं वाटलं तर लवकर रुजू व्हायला साहेब आनंदाने हो म्हणतात, पण घरी पडल्या-पडल्या रजा वाढवून मागताना तोंड वाकडं होतं. आणि रुजू व्हायचं ते गुरुवारी, म्हणजे दोन दिवसांत शनिवार येतो.