बिनडिस्क लॅब: जुने डेस्कटॉप की रास्पबेरी पाय?

सांगलीकडच्या एखाद्या शाळेला वीस जागांची बिनडिस्क लॅब (हार्ड डिस्क नसलेले, नेटवर्कवरून एका सर्व्हरमधून सुरू होणारे कॉम्प्युटर) उभारायची असेल, तर क्लायंट म्हणून, म्हणजे मुलांपुढच्या मशीनसाठी, दोनच गोष्टी खिशाला परवडतात: ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप, नाहीतर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर.

पाय वीज खातो जेमतेम पाच-सात वॅट, पंख्याची घरघर नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तो बराच वेळ तग धरतो. डेस्कटॉप इथे सपशेल हरतो.

पण पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, नेहमीच्या पीसींचा एक्स८६ जातीचा. म्हणजे एक्स८६ सर्व्हरवर त्याच्यासाठी वेगळी इमेज (ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅमचा तयार संच) सांभाळत बसा. डेस्कटॉपना एकच इमेज चालते. बायोसमध्ये पीएक्सई (नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय) चालू केलं की झालं. शिवाय शाळेतले मॉनिटर व्हीजीएचे आणि पायला मायक्रो एचडीएमआय! कन्व्हर्टरचा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरतच नाही. माझा कौल डेस्कटॉपला. प्रोग्रॅम क्लायंटवरच चालणार, तेव्हा रॅम ४ जीबीच्या खाली नको. ८ असेल तर उत्तम.

सर्व्हर दोन्हीकडे सारखाच. त्याला फक्त फायली पुरवायच्यात, त्यामुळे भारी प्रोसेसरवर पैसे उधळू नका, एसएसडी घ्या. १०० एमबीपीएसचा जुना नेटवर्क स्विच सेकंदाला फार तर १२ एमबी देतो, गिगाबिट स्विच १२५. तास सुरू होताना वीसही मुलं एकदम बटण दाबतात, तेव्हा हा फरक कळतो.

आणि २०१९ चा कृष्णेचा पूर आठवत असेल, तर सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवा. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते.