शिक्षकांचं लॅपटॉप ट्रेनिंग: पाचपैकी अडीच
शाळेत लॅपटॉप आले आणि मागोमाग एका खासगी कंपनीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग. पहिले दोन दिवस नुसते पीपीटी, चाळीस जणांत लॅपटॉप सहा, मागच्यांनी काय डोंबल बघायचं! तिसऱ्या दिवशी एक पोरगेलासा ट्रेनर आला, त्याने प्रत्येकाच्या हातात माउस दिला आणि कामाचं सांगितलं, प्रोजेक्टरवर चित्र येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी दाबा, मराठी युनिकोडमध्येच टाइप करा नाहीतर दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं दिसतात वगैरे. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा कोपरा कसाही ओढला तरी कोनांची बेरीज 180च, हे बघून आमच्या गणिताच्या बाई जागच्या उठेचनात. चहा मात्र तिन्ही दिवस गार. अडीच स्टार, तेही त्या पोरासाठी.