ब्रायन ऑगरची ऑब्लिव्हियन एक्सप्रेस, पहिला अल्बम (१९७१): वादन कडक, गायन ठीकठाक

सेकंडहँड एलपी घेतली, विकणारा म्हणाला एकदम नव्यासारखी आहे आणि घरी येऊन लावली तर पहिल्या बाजूला टकटक टकटक, म्हणजे माझाच मामा झाला, असो, त्याचा दोष अल्बमवर काढत नाही.

ब्रायन ऑगर म्हणजे लंडनचा हॅमंड ऑर्गनवाला, हॅमंड म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन. मूळचा जॅझ पियानोवाला, अमेरिकन जॅझवाला जिमी स्मिथचा ऑर्गन ऐकला आणि पार बिघडला. आधीचा ट्रिनिटी बँड, त्यात जूली ड्रिस्कॉल गायची, १९६८ ला त्यांचं एक गाणं ब्रिटनमध्ये ५ नंबरला गेलेलं. एवढं चालल्यावर दुसऱ्या कोणी तीच गाडी रेटली असती पण या गड्याने १९७० मध्ये नवीन पोरं जमवली आणि हे जॅझ-रॉक काही खपणार नाही, आपण निघालो विस्मृतीच्या गावाला, म्हणून बँडचं नावच ऑब्लिव्हियन (म्हणजे विस्मृती) एक्सप्रेस ठेवलं!

फक्त ६ ट्रॅक. पहिला ड्रॅगन साँग, गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिनची चीज, सुरू झाला की चहा हातातच राहतो. रॉबी मॅकिंटॉशचे ड्रम्स तर काय सांगू राव, मला विचाराल तर अर्धा अल्बम त्यानेच ओढलाय, गिटारला जिम मुलन, बेसला बॅरी डीन.

मी भजनाला पेटी वाजवतो त्यामुळे माझा कान सारखा ऑर्गनकडेच. आपल्याकडे आवाजाचा चढउतार भात्यावर, हॅमंडला पट्टी कितीही जोरात दाबा आवाज तेवढाच, सगळी कमाल पायाखालच्या पेडलची आणि ड्रॉबार (आवाजाचा पोत बदलणाऱ्या दांड्या) ओढण्या-ढकलण्याची, वर लेस्ली स्पीकर आतल्या आत फिरतो म्हणून सूर असा गरगरत येतो. टोटल इक्लिप्स हेडफोन लावून ऐका, दहा मिनिटांच्या वर आहे पण घड्याळ बघावंसं वाटत नाही, आणि मालक स्वतः असून ऑगर गिटारला मोकळं रान देतो हे मला फार आवडलं.

गाणं मात्र ऑगर स्वतःच गातो आणि तिथे जरा मार खातो, सूर बरोबर आहे पण दम नाही. पुढे १९७२ च्या सेकंड विंड अल्बममध्ये अ‍ॅलेक्स लिगर्टवूड गायला आला तेव्हा कुठे ती बाजू सावरली.

५ पैकी ४. एलपीच पाहिजे असेल तर दुकानात दोन्ही बाजू वाजवून बघितल्याशिवाय पाकीट काढू नका.