फुकटच्या टूल्सवर चिप डिझाइन शिकणं: काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल, मग कारणं. स्काय१३० पीडीके (चिप कारखान्याचा खुला नियमसंच), लिब्रेलेन (कोडपासून चिपचा नकाशा तयार करणारी खुली टूल्सची साखळी) आणि टायनी टेपआउट (अनेकांची छोटी डिझाइन्स एका चिपवर बनवून देणारा उपक्रम) या तिघांवर मी गेले काही महिने नोकरी सांभाळून, रात्री-बेरात्री काम करतेय. चिप डिझाइनशी ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला दिसलेली नाही. पण 'हे करा, सेमीकंडक्टरमध्ये नोकरी पक्की' असं जे ठोकून दिलं जातं, त्यात फारसा दम नाही. या उद्योगातलं कोणतं काम मला मानवेल आणि कोणतं नाही, एवढं मात्र या टूल्सनी नीट दाखवलं. माझ्यासारख्या, दुसऱ्या क्षेत्रातून इकडे वळू पाहणाऱ्यांसाठी तेच जास्त मोलाचं आहे.

मी फर्मवेअरवाली, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिप्ससाठी कोड लिहिणारी. सी रोजची, ऑसिलोस्कोप हाताळता येतो, डेटाशीट वाचायचा कंटाळा नाही. व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचं वर्णन लिहायची भाषा, कॉलेजात परीक्षेपुरतं झालेलं. ते आधी एचडीएलबिट्स या संकेतस्थळावरचे सराव सोडवून घासूनपुसून घेतलं आणि मगच या टूल्सना हात घातला. हा क्रम पाळा. व्हेरिलॉग कच्चं असताना लिब्रेलेन चालवलं तर चूक तुमची की टूलची हेच कळत नाही.

पीडीके म्हणजे फॅबकडून (चिप बनवणाऱ्या कारखान्याकडून) डिझायनरला मिळणारा नियमांचा आणि मॉडेल्सचा गठ्ठा: दोन तारांत किती अंतर हवं, ट्रान्झिस्टर कोणत्या तापमानाला कसा वागतो, तयार सेल्स कोणते. गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय हा गठ्ठा बघायलाही मिळत नसे. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरचा पीडीके खुला केला आणि घरी बसून शिकणाऱ्यांचं नशीब उघडलं. कल्पना तशी जुनी आहे. १९७८ मध्ये लिन कॉनवे यांनी एमआयटीत शिकवताना विद्यार्थ्यांची डिझाइन्स एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) एकत्र बसवून काही आठवड्यांत चिप्स करून आणल्या होत्या. पुढे १९८१ पासून मोसिस या सेवेने तीच पद्धत विद्यापीठांसाठी चालवली. २०२२ मध्ये मॅट व्हेन यांनी सुरू केलेलं टायनी टेपआउट याच घराण्यातलं. एका चिपवर शेकडो लोकांची डिझाइन्स, प्रत्येकाला साधारण १६० बाय १०० मायक्रॉनचा एक तुकडा. त्यात हजारेक गेट्स मावतात. आठ इनपुट, आठ आउटपुट, आठ दोन्हीकडून चालणाऱ्या पिन्स, एक क्लॉक, एक रिसेट. बस.

ही चणचण फायद्याची ठरते. मी यूएआरटी (एका तारेवरून बिट एकामागून एक पाठवायची पद्धत) रिसीव्हर आणि त्यावरून चालणारा छोटा पीडब्ल्यूएम (सिग्नल किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवणारा ब्लॉक) घेतला. फर्मवेअरमध्ये ज्याचे रजिस्टर्स वर्षानुवर्षं नुसते भरले, तोच ब्लॉक आतून लिहायचा होता. जागा कमी असली की प्रत्येक फ्लिपफ्लॉपचा (एक बिट साठवणाऱ्या घटकाचा) हिशेब ठेवावा लागतो, आणि व्हेरिलॉगचं गेट्समध्ये रूपांतर करणाऱ्या योसिसचा सिंथेसिस रिपोर्ट आपोआप वाचला जातो.

खरं शिक्षण रिपोर्ट्समध्येच आहे. एक उदाहरण देते. केस स्टेटमेंटमधून डीफॉल्टची ओळ मुद्दाम काढून टाकली आणि पुन्हा सिंथेसिस केलं. सिम्युलेशन आधीसारखंच मुकाट्याने पास. पण योसिसच्या लॉगमध्ये एक ओळ वाढलेली होती: अमुक सिग्नलसाठी लॅच तयार केला. मला लॅच नको होता, मी मागितलाही नव्हता. पण 'या स्थितीत काय करायचं' हे न सांगितल्याने टूलने जुनी किंमत धरून ठेवणारं सर्किट बनवलं. हे पुस्तकात वाचलेलं होतंच. हजारो ओळींच्या लॉगमध्ये ती एक ओळ स्वतः शोधली की मग ते डोक्यातून जात नाही.

दुसरं होल्ड टायमिंग. क्लॉकच्या ठोक्याआधी डेटा वेळेत पोचणं म्हणजे सेटअप, ठोक्यानंतर तो थोडा वेळ न बदलणं म्हणजे होल्ड. सेटअप चुकला तर चिप हळू चालवून वेळ मारून नेता येते. होल्ड चुकला तर क्लॉक कितीही कमी करा, चिप वाया, कारण त्या गणितात क्लॉकचा कालावधी येतच नाही. स्काय१३० मध्ये टायमिंग वेगवेगळ्या कॉर्नर्सवर, म्हणजे तापमान आणि व्होल्टेजच्या ठरावीक जोड्यांवर, तपासलं जातं: १०० अंश सेल्सिअस आणि १.६० व्होल्टचा मंद कॉर्नर, उणे ४० अंश आणि १.९५ व्होल्टचा वेगवान कॉर्नर, मध्ये २५ अंश आणि १.८० व्होल्टचा नेहमीचा. माझ्या शिफ्ट रजिस्टरमध्ये एक फ्लॉप थेट दुसऱ्याला जोडलेला, मध्ये लॉजिक काहीच नाही. वेगवान कॉर्नरवर डेटा गरजेपेक्षा आधीच पोचत होता. राउटिंगनंतर (तारा टाकून झाल्यावर) केलेआउट या टूलमध्ये लेआउट उघडून बघितलं, तर टूलने त्या वाटांवर डिले-गेटचे सेल्स आणून बसवले होते. सेलची उंची २.७२ मायक्रॉन, सगळे एका ओळीत. डेटाला उशीर व्हावा म्हणून पैसे मोजून जागा अडवायची! फर्मवेअरवाल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

अँटेना व्हायोलेशनवर जरा जास्त बोलते, कारण डिझाइन आणि फॅब यांचं नातं मला त्यातून कळलं. राउटिंग झाल्यावर काही लांब तारांबद्दल तक्रार येते. तार चालू चिपमध्ये रेडिओच्या अँटेनासारखी वागते असा याचा अर्थ नाही. चिप घडत असताना धातूचे थर प्लाझ्माने कोरले जातात. तेव्हा अर्धवट तयार झालेली लांब तार विद्युतभार गोळा करते. त्या तारेचं दुसरं टोक अजून कशालाच जोडलेलं नसेल आणि पहिलं टोक ट्रान्झिस्टरच्या गेटवर असेल, तर तो भार गेटखालच्या पातळ ऑक्साइडमधून वाट काढतो. मग ऑक्साइड दुखावतो. उपाय दोन: तार मध्येच तोडून वरच्या थरावर न्यायची, म्हणजे खालचा थर कोरताना तुकडा आखूड राहतो, किंवा गेटजवळ एक डायोड बसवायचा, म्हणजे भाराला निसटायला वाट मिळते. टूल हे बहुतेक वेळा आपलं आपण करतं. पण कारण समजलं की डिझाइन रूल्सच्या जाडजूड पुस्तकातले नियम मनमानी वाटत नाहीत.

आता जिथे ही टूल्स कमी पडतात ते. १३० नॅनोमीटर हे शिकायला उत्तम, पण फिनफेटच्या (आजच्या अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरच्या) नोड्सवरच्या अडचणी इथे भेटत नाहीत. डबल पॅटर्निंग (एकच थर दोनदा छापणं) नाही, शेकडो कॉर्नर्स नाहीत, पॉवर बंद-चालू होणारे वेगवेगळे भाग नाहीत. कंपन्यांत काम चालतं ते सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सच्या टूल्सवर, आणि नोकरीच्या जाहिरातीत नावं त्यांचीच असतात. तरी ओपनएसटीए (टायमिंग तपासायचं खुलं टूल) वापरून शिकलेलं वाया जात नाही, कारण टायमिंगच्या अटी एसडीसी या फॉरमॅटमध्येच लिहायच्या असतात आणि स्क्रिप्ट टिकल भाषेतच. टायमिंग रिपोर्टची ठेवणही सारखीच. मुलाखतीत मला एक रिपोर्ट पुढे टाकून स्लॅक (हाताशी उरलेला वेळ) कुठे खाल्ला गेला ते विचारलं, आणि तिथे टूल कोणतं याने काही अडलं नाही. अडलं ते स्कॅन चेनवर (चिप तपासता यावी म्हणून फ्लॉप्सची केलेली साखळी). डीएफटी, म्हणजे बनलेली चिप तपासता येईल असं डिझाइन करणं, या मार्गाने जवळपास शिकायला मिळत नाही, ते वेगळं करावं लागतं.

इन्स्टॉलेशनचा त्रास आहे, पण फार नाही. लिनक्स हवंच. डॉकर किंवा निक्सने बरंचसं मार्गी लागतं. लॅपटॉप जुना असेल तर टायनी टेपआउटच्या गिटहबवरच्या टेम्प्लेटमध्ये कोड टाका, सगळा फ्लो तिकडच्या मशीनवर चालतो.

विसंबून राहण्याबद्दल एक गोष्ट. यातली बरीच व्यवस्था इफॅब्लेस या कंपनीच्या खांद्यावर होती आणि ती मार्च २०२५ मध्ये बंद पडली. टायनी टेपआउटने जर्मनीतल्या आयएचपीच्या १३० नॅनोमीटर प्रोसेसकडे मोर्चा वळवून गाडी चालू ठेवली, ओपनलेन या आधीच्या टूलचा वारसा लिब्रेलेन या नावाने पुढे गेला. म्हणजे शिकणं थांबत नाही, पण 'अमुक महिन्यात चिप हातात' हे गृहीत धरून करिअरचं वेळापत्रक आखू नका. चिप यायला सुरळीत चाललं तरी महिनोन्‌महिने जातात. माझीही अजून यायची आहे, म्हणून हा अनुभव जीडीएस फाइलपर्यंतचाच (फॅबला पाठवायच्या अंतिम नकाशापर्यंतचाच) समजा. टूल्स फुकट, चिपला पैसे पडतात, हेही लक्षात असू द्या.

यासोबत एका संस्थेचा सशुल्क फिजिकल डिझाइन कोर्सही केला. नाव घेत नाही. कमर्शियल टूल्स दूरच्या सर्व्हरवर वापरायला मिळाली, एवढी जमेची बाजू. बाकी तयार स्क्रिप्ट चालवायची, सगळं हिरवं दिसलं की पुढचा टप्पा. फ्लो कधी फसलाच नाही, त्यामुळे फसल्यावर काय बघायचं ते कोणी शिकवलं नाही. कोर्स निवडताना एकच विचारा: बिघडलेलं डिझाइन हातात देता का? 'नाही' म्हणाले तर पैसे खिशात ठेवा.

मी आले होते लेआउटच्या मोहाने. ते रंगीत थर, ती राउटिंगची जाळी, भारीच दिसतं. पण मन रमलं व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का ते तपासण्यात. कोकोटीबी या टूलने पायथनमध्ये टेस्ट लिहिता येतात, फर्मवेअरवाल्यांना ते चटकन जमतं. मी पाठवणाऱ्याचा बॉड रेट (बिट पाठवायचा वेग) मुद्दाम चुकवत गेले. २ टक्के फरक, चाललं. ४ टक्के, चाललं. ६ टक्क्यांवर शेवटचा डेटा बिट हुकला. हिशेब सरळ आहे: शेवटच्या डेटा बिटचा मधला बिंदू सुरुवातीपासून साडेआठ बिट दूर, तिथवर ६ टक्क्यांची घसरण अर्ध्या बिटाच्या पुढे जाते. पण आकडेमोड आधी करून मग तो बिट नेमका तिथेच हुकताना पाहणं, यात जी मजा आली ती प्लेसमेंटची घनता कमी-जास्त करण्यात कधी आली नाही. शिवाय गेट-लेव्हल सिम्युलेशन, म्हणजे सिंथेसिसनंतरच्या गेट्सवर केलेलं. रिसेट न दिलेला एक रजिस्टर इकारस या सिम्युलेटरमध्ये एक्स (किंमत अज्ञात) दाखवतो आणि तो एक्स बघता बघता सगळ्या आउटपुट्सवर पसरतो. व्हेरिलेटर हा दुसरा सिम्युलेटर मुख्यतः शून्य-एकच मानत असल्याने तिथे तेच डिझाइन निर्धास्त दिसतं. दोन्हीवर चालवून बघा.

चिप प्रकल्पांत व्हेरिफिकेशनवर निम्म्याच्या आसपास वेळ जातो असं सगळेच सांगतात, आणि जागाही तिथे भरपूर असतात. नवशिक्यांच्या डोळ्यांत मात्र आरटीएल (सर्किटचा कोड लिहिणं) आणि लेआउट भरतं. खोट इतकीच की उद्योगात सिस्टिमव्हेरिलॉग ही भाषा आणि तिच्यातली यूव्हीएम ही टेस्ट लिहायची पद्धत चालते, आणि खुल्या टूल्समध्ये त्याची साथ अजून अपुरी आहे. सध्या तेच शिकतेय, ब्राउझरमधल्या ईडीए प्लेग्राउंडवर. कमर्शियल सिम्युलेटर्स तिथे मर्यादित स्वरूपात वापरू देतात. यूएआरटीची जुनी कोकोटीबी टेस्ट समोर ठेवून तीच यूव्हीएममध्ये पुन्हा लिहितेय. ड्रायव्हर आणि मॉनिटर हे भाग झाले, निकाल पडताळणारा स्कोअरबोर्ड बाकी आहे.

ज्यांना फॅबमध्ये काम करायचंय, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. प्रोसेस इंजिनिअरला आणि मशीन्स सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला लागतं ते व्हॅक्यूम, प्लाझ्मा, रसायनं आणि प्रोसेस नियंत्रणाचं संख्याशास्त्र. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मटेरियल्स, मेकॅनिकलची माणसं तिथे सहज सामावतात. तंत्रज्ञासाठी पदविका आणि क्लीनरूममधलं प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरतं. व्हेरिलॉगशी त्यांचं काही देणंघेणं नाही. फार तर ब्राउझरमध्ये सिलिविझ हे चिपचे थर रेखाटून शिकायचं टूल उघडून एक इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारं गेट) काढा आणि त्याचा उभा छेद बघा.