ओम्नीचं मागचं नाचणं थांबवलं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी खर्च सांगतो, कारण सगळे तेच आधी विचारतात. गाडीची मागची बाजू उड्या मारायची, ते थांबवायला ३,६७० रुपये. त्याच्या अगोदर दोन नवे टायर घातले त्याचे ६,४०० यात धरलेले नाहीत. ती माझी अक्कलखाती नोंद.

गाडी २००६ ची मारुती ओम्नी. मी बेळगावच्या अनगोळात राहतो आणि आठवड्यातून तीनदा जांबोटी, कणकुंबीकडच्या दुकानांना फरसाण, खारी, टोस्ट पोचवतो. हा माल छतापर्यंत भरला तरी वजन ते काय, चार माणसांएवढं. येताना तर गाडी रिकामीच. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, म्हणजे जिथे वजन नाही तिथेच सगळी मेहनत.

जांबोटीत एका दुकानासमोर तांबड्या मातीचा छोटा चढ आहे. पाऊस पडून गेला की तिथे क्लच सोडताना मागून धडधडधड सुरू व्हायचं, खालून कोणीतरी घण घालतंय असं. स्टेअरिंग गप्प, पुढचा भाग गप्प, मागचं सगळं अंग थरथरतंय. दुकानातल्या मावशी खारीचा पुडा हातात घेऊन म्हणायच्या, "भुगाच आणलायसा की ओ!" शिवाय खराब रस्त्यावर चाळीसच्या वेगात खड्ड्यांची रांग लागली की मागची बाजू उड्या मारत आडवी सरकायची. मी हे दोन्ही एकच दुखणं समजत होतो, आणि पैसे तिथेच गेले. टायर घासलेत म्हणून टायर बदलले. उड्या तशाच. नव्या टायरला पकड जास्त, त्यामुळे चढावरचे दणके उलट जोरात बसायला लागले.

मग शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चाकाचं उडणं शमवणारी तेलाची नळी) काढले. जुना शॉकअब गाडीवरून सुटल्यावर उभा धरून दांडा आत दाबा. चांगला असेल तर तो हळूहळू, अडवत अडवत जातो आणि ओढतानाही अडवतो. माझा डावीकडचा एका बोटाने आत गेला आणि तिथेच बसला, अंगावर तेलाचं काळं पुट. चाक एकदा उडालं की कमानपाट्याची (वजन झेलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) उसळी दाबायचं काम याचंच, आणि हा कधीच संपला होता. नवी जोडी १,७०० ला बसली. खड्ड्यांच्या रांगेवरचं सरकणं त्याच दिवशी निम्म्याहून कमी झालं. जांबोटीच्या चढावरचे दणके मात्र जसेच्या तसे.

इथे भाच्याची मदत झाली. त्याने फोन स्लो मोशनवर लावून मागच्या चाकाच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर, एका विटेला टेकवून ठेवला आणि मी चढावर क्लच सोडला. व्हिडिओत जे दिसलं ते मिस्त्रीने तोंडी दहादा सांगून मला कळलं नसतं. चाकाला जोर मिळाला की मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) मधलं डिफ्रन्शलचं हौजिंग, म्हणजे गिअरचा डबा, उलट दिशेने पीळ खातं. त्याचं पुढचं नाक, जिथे इंजिनाचा जोर मागे आणणारा प्रॉपेलर शाफ्ट येऊन मिळतो, ते चांगलं दोन बोटं वर उचललं. कमानपाटा सरळ राहिला नाही, आडव्या पडलेल्या एस सारखा वाकला. मग टायरची पकड सुटली, वाकलेला पाटा चटकन उलगडला, नाक खाली आलं, टायर जमिनीवर आपटला, पुन्हा पकडला, पुन्हा पीळ. हे एका सेकंदात कितीतरी वेळा. आपल्याला ऐकू येते ती ही आपटाआपटी.

म्हणजे खड्ड्यातलं उडणं शॉकअबचं आणि चढावरचं उडणं पिळाचं. गाडी घेऊन कुठेही जाण्याआधी आपलं कोणतं आहे एवढं ठरवा. जोर देताना होतं की नुसतं धावताना, एवढाच प्रश्न आहे.

पुढची फेरी ऑटोनगरात, ट्रकचे पाटे मारणाऱ्याकडे. ओम्नी बघून तो हसला. त्याच्या हातांखालून दहाचाकी जातात, माझी गाडी त्याला खेळण्यासारखी. घाई करायला लागलो की "स्वल्प तडीरी" (कन्नडमध्ये, जरा थांबा) म्हणायचा आणि चहा मागवायचा. पण नजर पक्की. गाडी लोखंडी स्टँडच्या घोड्यांवर चढवून (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, कितीही छोटं काम असो) त्याने आधी टेप काढला आणि दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर मोजलं. ओम्नीत ते १,८४० मिमी असतं. उजवीकडे बरोबर, डावीकडे ११ मिमी कमी. डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधून जाऊन आस जागेवर ठेवणारा) झिजलेला, यू बोल्ट (आस आणि पाटा एकत्र आवळणारे) ढिले, आणि आस पाट्यावर सरकलेला. यू बोल्ट ढिले असतील तर नवा शॉकअब, नवा टायर, नवस, काहीही करा, उपयोग नाही. पाटा आणि आस एकमेकांना धरूनच नसतील तर पीळ अडवणार कोण?

पाट्याच्या पुढच्या डोळ्यातलं, म्हणजे टोकाच्या गोल भोकातलं, रबरी बुश बाहेर आलं ते भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं. शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक गाडीला लटकवणाऱ्या पट्ट्यांच्या) बुशांचीही तीच गत. बुश सेट २८०, चार यू बोल्ट ४४०. जुने यू बोल्ट पुन्हा घालायला तो तयारच नव्हता. एकदा ताणलेला बोल्ट परत तसा ताणत नाही, हे त्याचं म्हणणं आणि ते खरं आहे.

बुशांची एक गोष्ट बहुतेक गॅरेजात चुकते. बुशाचा बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट आवळायचा नाही. तेव्हा पाटा लोंबलेला असतो. त्या स्थितीत आवळला की रबर तिथेच धरलं जातं, आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहून काही महिन्यांत फाटतं. आधी बोल्ट नुसते अडकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागे बसून दोनदा हलवायची आणि मग खाली सरपटून शेवटचा पाना मारायचा. अंगाला माती लागते, म्हणून कोणी करत नाही.

पाटे उघडल्यावर आणखी एक कळलं. आधीच्या मालकाने खाली एक जादा पाटा घातला होता. सिमेंट वाहायचा म्हणे. रिकाम्या गाडीला तो इतका कडक की खड्ड्यात पाटा दबायचाच नाही, चाकच उडायचं. तो काढून टाकला. रस्त्यावर गाडी एकदम मऊ झाली, पण जांबोटीचा चढ पुन्हा बिघडला! कारण उघड आहे. तो जादा पाटा खड्ड्यात त्रास देत होता, पण पिळाला थोडं अडवतही होता. एकाचं औषध दुसऱ्याचं दुखणं.

यावर पाटेवाल्याने केलं ते काम ३५० रुपयांचं, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचं. आसाच्या पुढच्या बाजूचे पाटे त्याने दोन ठिकाणी लोखंडी क्लिपा घालून एकत्र आवळले. मागची बाजू तशीच मोकळी ठेवली. एरवी पाटे वाकताना एकमेकांवर सरकतात. आवळले की पुढचा भाग एका जाड पट्टीसारखा वागतो, पीळ खात नाही, आणि मागची मोकळी बाजू खड्डे झेलत राहते. मजुरी सगळी मिळून ९०० घेतली. त्याच दिवशी टायरची हवाही कमी केली. भरलेल्या गाडीची ४० मी रिकाम्यालाही ठेवत होतो. आता रिकामी असताना ३० ठेवतो.

शेजारच्या एकाने आस आणि चासी यांच्यामध्ये दोन्ही टोकं वेल्डिंग करून लोखंडी दांडा टाकायचा सल्ला दिला होता. तो मी टाळला. पाटा वर-खाली होताना आस थोडा पुढे-मागेही जातो. दोन्हीकडे जाम केलेला दांडा त्याला अडवतो आणि मग कुठलं तरी ब्रॅकेट सुटतं.

आता आठ महिन्यांचं. अख्खा पावसाळा गेला, नऊ हजार किलोमीटरच्या आसपास गाडी फिरली. कणकुंबीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जांबोटीच्या चढावर चाक आता फिरतं कधी कधी, पण आपटत नाही. मावशींची तक्रार खारीवरून भावावर गेली.

तक्रारी माझ्याही आहेत. यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले, तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा फिरला, म्हणजे ही पायरी सोडू नका. ऑगस्टमध्ये डाव्या क्लिपचा बोल्ट ढिला होऊन टकटक यायला लागली. मला वाटलं शॉकअब गेला, अर्धा दिवस तेच शोधत होतो. आता डबल नट आहे. जादा पाटा गेल्यामुळे गाडी भार घेत नाही. दिवाळीत पाहुण्यांचं सामान आणि सहा माणसं भरली तर कुसमळीच्या पुलाजवळच्या खड्ड्यात मागचा रबरी गट्टू (पाटा पूर्ण दबला की आस ज्यावर टेकतो तो) खणकन लागला. सिमेंट वाहणाऱ्याने हे करू नये. क्लिपेच्या कडेला ताण जास्त येतो, म्हणून तिथे पाट्याला पांढरा रंग फासलाय. चीर पडली तर रंगात आधी दिसेल. अजून दिसलेली नाही.

एक गोष्ट सुटली नाही. उलट्या गिअरमध्ये चढ चढताना अजून थोडं उडतं. तेव्हा मागची चाकं चढाच्या वरच्या बाजूला असतात, वजन पुढे उतरतं आणि मागे उरतं ते आणखी हलकं. पाटेवाल्याला विचारलं तर म्हणाला, मागे दोन पोती तांदूळ टाका. मी दुकानासमोर गाडी आधी रस्त्यावरच वळवून घेतो आणि सरळ चढवतो.